वेळापत्रकाचा तक्ता आणि डिजिटल जुळं

बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खंड पडला. आता अक्षर स्वच्छ दिसतं आहे, तेव्हा पुन्हा तुमच्या डोक्याला ताप द्यायला मी हजर!

गेल्या महिन्यात नातू दोन दिवस राहायला आला होता. तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काय काम करतोस विचारलं की "तुला नाही कळणार आजी" म्हणून विषय संपवायची त्याची सवय. पण या वेळी मी हट्टच धरला. मग म्हणाला, "आम्ही एका हॉस्पिटलचा डिजिटल ट्विन करतोय."

"म्हणजे जुळं भावंड?"

"हो, तसंच. संगणकातलं हॉस्पिटल. खाटा किती, डॉक्टर कधी येतात, केसपेपरच्या खिडकीवर रांग किती, सगळं त्यात. खऱ्या हॉस्पिटलातून त्याला सतत माहिती मिळत राहते. मग व्यवस्थापनाला वाटलं की खिडक्या चाराच्या दोन करू, तर आधी जुळ्यात करून बघायच्या. रांग वाढली तर खऱ्यात करायच्याच नाहीत."

मी म्हटलं, "हे तर आमच्याकडे होतं की! माझ्या केबिनमध्ये, भिंतीला टांगलेलं."

तो हसला. पण मी थट्टा करत नव्हते. आमच्या शाळेत वेळापत्रकाचा एक लाकडी तक्ता होता. आडवे वार, उभ्या तासिका, प्रत्येक चौकटीत एक बारीक खिळा आणि त्यावर अडकवायचे पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे. गणिताच्या सरांचा निळा, इंग्रजीच्या बाईंचा पिवळा, माझा हिरवा. एखादे शिक्षक रजेवर गेले किंवा नवी तुकडी मिळाली की आम्ही शाळेला हात लावायच्या आधी तक्त्याला हात लावायचो. एका तासाला निळा तुकडा दोन ठिकाणी आला की समजायचं, हे जमणार नाही. पुठ्ठ्याच्या शाळेत आपटायचं, म्हणजे खऱ्या शाळेत आपटावं लागत नाही.

त्याच तक्त्यावर मी एक निर्णय घेतला होता, त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास. आयुष्यभर इतिहास शिकवलेली बाई मी. नवी गोष्ट ऐकली की तिचे आईवडील, आजीआजोबा कोण हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. या जुळ्याचं घराणं शोधता शोधता महिना गेला.

सुरुवात आपल्या घराजवळूनच करते. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्यात १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी ते सुरू झालं आणि पुढे साऱ्या देशाचं झालं. फार वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची सहल मी तिथे नेली होती. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर अख्खी नदी! गुडघ्याएवढे काठ, मधे सिमेंटचं धरण, आणि पंपाने सोडलेलं खरं पाणी. मुलं उड्या मारायच्या बेतात होती. तिथल्या साहेबांनी एक गोष्ट समजावून सांगितली ती माझ्या मनात कायमची बसली. ते म्हणाले, नदी लांबीरुंदीने हजारपट लहान केली आणि खोलीही हजारपट लहान केली, तर पाणी उरतच नाही, नुसती ओल उरते. ओल नदीसारखी वाहत नाही. म्हणून अशा मोठ्या नदीच्या प्रतिकृतीत खोली मुद्दाम जास्त ठेवावी लागते. म्हणजे नक्कल उपयोगी पडायची असेल तर ती हुबेहूब असून चालत नाही! काय वाढवलं, काय गाळलं, हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक असलं म्हणजे झालं.

अशीच एक प्रतिकृती अमेरिकेत झाली. तिची गोष्ट मला विशेष आवडली, कारण तिचा नायक (की खलनायक?) एक माजी शिक्षक आहे.

जॉन रेबर हे त्याचं नाव. शाळेत शिकवलेलं, मग नाटकं बसवण्याचा व्यवसाय. अभियंता नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडे बघून त्याला वाटे, केवढी ही जागा आणि केवढं हे गोडं पाणी समुद्रात फुकट चाललंय! १९४० च्या दशकात त्याने मोठी योजना मांडली. खाडीवर दगडमातीचे दोन प्रचंड बांध घालायचे, त्यांवरून रस्ते आणि रेल्वे न्यायची, बांधांच्या आत नद्यांचं पाणी अडवून गोड्या पाण्याची दोन सरोवरं करायची, आणि मधे सुमारे २०,००० एकर भराव टाकून विमानतळ, कारखाने, नौदलाचा तळ उभारायचा. माणूस नाटकवाला, सांगण्याची हातोटी दांडगी. नकाशे घेऊन तो व्याख्यानं देत हिंडला. पुष्कळ लोकांना योजना पटली. कागदावर ती होतीही देखणी.

अशा वेळी सरकारने काय करावं? हो म्हणावं तर कोट्यवधी डॉलर पाण्यात. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, साहेबांना कल्पनाशक्ती नाही. अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी तिसरा मार्ग काढला. सॉसालिटो या गावी, दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणी कारखान्याच्या एका गोदामात, त्यांनी १९५७ साली आख्खी खाडीच बांधली. सुमारे दीड एकर काँक्रीट. आडवं माप हजारास एक, उभं माप शंभरास एक. (खडकवासल्याच्या साहेबांचीच युक्ती!) भरतीओहोटीचा एक पूर्ण दिवस तिथे पंधरा मिनिटांच्या आत उरकतो. तळाशी तांब्याच्या अक्षरशः लाखो पट्ट्या उभ्या केल्या, कारण गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी खऱ्या तळापेक्षा फार जोरात धावलं असतं. पट्ट्या वाकवून वाकवून, खऱ्या खाडीत मोजलेली पातळी आणि प्रवाह प्रतिकृतीत येईपर्यंत ते जुळवत राहिले.

मग रेबरचे बांध त्यात घालून पाहिले. उत्तर आलं : जमत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना बासनात गेली. रेबर १९६० मध्येच वारला होता. मला त्या माणसाबद्दल थोडं वाईट वाटतं. पण विचार करा, तो नकार खऱ्या खाडीत बांध घातल्यावर कळला असता तर? एका गोदामाच्या खर्चात एक समुद्र वाचला.

इथे गोष्ट संपली असती तर ती बोधकथा झाली असती. इतिहास इतका सोपा नसतो. त्या प्रतिकृतीत पाणी होतं, क्षार होता, गाळ होता. पण पक्षी नव्हते, मासे नव्हते, काठावर राहणारी माणसं नव्हती. रेबरची योजना गेली तरी काठावरची गावं आपापल्या परीने खाडीत भराव टाकतच होती. त्यावर बोट कोणी ठेवलं? बर्कलीच्या तीन बायकांनी. असंच चालू राहिलं तर २०२० पर्यंत खाडीची नुसती नदी उरेल, असं दाखवणारा नकाशा वर्तमानपत्रात आला. तो पाहून के केर, सिल्व्हिया मॅकलॉक्लिन आणि एस्थर गुलिक या तिघींनी १९६१ साली चळवळ सुरू केली. त्यातून १९६५ साली भरावावर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग नेमला गेला. म्हणजे बांधांना नकार प्रतिकृतीने दिला, आणि प्रतिकृतीत जे नव्हतंच त्याची आठवण माणसांनी करून दिली. दोन्ही लागलं.

(ती प्रतिकृती आजही लोकांना बघायला खुली आहे. संशोधनासाठी तिचा वापर २००० साली थांबला. तिकडे राहणाऱ्या आमच्या भाचीबाईंनी हे वाचलं तर फोटो पाठवावेत ही विनंती!)

पण नातवाचं म्हणणं, ही नुसती मॉडेलं झाली. जुळं वेगळं. "मॉडेल एकदा करून ठेवतात. जुळ्याला मूळ वस्तूची खबर येत राहते." मुद्दा बरोबर आहे. खबरबातचीही जुनी उदाहरणं सापडली. मिसिसिपी नदीच्या अख्ख्या खोऱ्याची प्रतिकृती दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या हातून बांधायला सुरुवात झाली होती. १९५२ च्या एप्रिलमध्ये मिसुरी नदीला महापूर आला, तेव्हा अभियंत्यांनी त्या प्रतिकृतीवर रात्रंदिवस पाणी सोडून कुठला बांध टिकेल, कुठल्यावरून पाणी जाईल याचे अंदाज दिले. खरा पूर तिकडे चढतोय, आणि इकडे छोटा पूर त्याच्या पुढे धावतोय.

दुसरं उदाहरण माझ्या पिढीला आठवेल. एप्रिल १९७०, अपोलो १३. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या वाड्यात एकाच घरी रेडिओ होता, आणि त्याभोवती चाळीस माणसं जमली होती.

पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. लोव्हेल, स्वायगर्ट आणि हेझ हे तिघे आत. खाली, जमिनीवर, सरावासाठी केलेली नकली यानं होती. नासाने ती खऱ्या यानाच्या बिघडलेल्या अवस्थेत आणून ठेवली आणि उपाय आधी तिथे करून पाहिले. केन मॅटिंग्ली नावाचा अंतराळवीर मूळ या मोहिमेवर जायचा होता. जर्मन गोवराच्या संसर्गाच्या शंकेने ऐन वेळी त्याला वगळलं होतं. तो नकली यानात बसला. वीज वाचवण्यासाठी बंद केलेलं मुख्य यान उरल्यासुरल्या बॅटरीवर पुन्हा कसं चालू करायचं, हे ठरवण्याच्या कामात त्याचा वाटा होता. दूषित हवा शोषणारे चौकोनी डबे गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडायचे होते. यानात नक्की कुठलं सामान आहे हे खाली ठाऊक होतं. तेवढंच सामान, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, चिकटपट्टी असलं काहीबाही घेऊन जमिनीवर ते जोडून पाहिलं, आणि मग कृती शब्दाशब्दाने वर वाचून दाखवली. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप उतरले. आमच्या वाड्यात कुणीतरी साखर वाटली होती.

ही सगळी हकीगत सगळे सांगतात. पण स्फोट का झाला ते चौकशीत बाहेर आलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उड्डाणाआधी त्या टाकीतला ऑक्सिजन नीट बाहेर निघेना, म्हणून आतला तापक बराच वेळ चालू ठेवला. तापमान वाढलं की तापक बंद करणारं बटण २८ व्होल्टसाठी केलेलं, आणि जमिनीवरचा वीजपुरवठा ६५ व्होल्टचा. बटण चिकटून बसलं, आत तापमान भयंकर वाढत गेलं, तारांचं वेष्टण जळलं. माणसं समोर बसून तापमापक बघत होती! पण त्या तापमापकाचा काटा साधारण ८० अंश फॅरनहाइटच्या पुढे जाऊच शकत नव्हता. त्याहून गरम होईल असं करणाऱ्याला वाटलंच नव्हतं. टाकी आतून जळत होती आणि काटा म्हणत होता, ८०.

हा काटा लक्षात ठेवा.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगते. १९९१ साली डेव्हिड गेलर्न्टर या संगणकशास्त्रज्ञाने एका पुस्तकात कल्पना मांडली, की रुग्णालयं, शहरं, संस्था यांची चालती आरसेनगरं संगणकात असतील. २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी कारखान्यातल्या वस्तूंसाठी तीन गोष्टी सांगितल्या : खरी वस्तू, तिचं संगणकातलं रूप, आणि दोघांना जोडणारा माहितीचा दुवा. नासाचे जॉन व्हिकर्स यांनी त्याला 'डिजिटल ट्विन' हे नाव दिलं, आणि २०१० च्या नासाच्या आराखड्यात ते आलं. पुढे विमानांची इंजिनं झाली, कारखाने झाले, सिंगापूरने २०१४ मध्ये अख्ख्या शहराचं जुळं हाती घेतलं. आणि आता माझ्या नातवाचं हॉस्पिटल.

आता माझ्या तक्त्याकडे येते. ही गोष्ट मी घरातही फारशी सांगितलेली नाही.

साल १९९१. मला मुख्याध्यापिका होऊन दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या आडबाजूचं गाव, खोल्या कमी, पट वाढलेला. शाळा दोन पाळ्यांत भरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी आणि गणिताचे सर तीन रात्री तक्त्यासमोर बसलो. आठवी ते दहावी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी भरवायची, पाचवी ते सातवी दुपारी, असं केल्यावर तुकडे असे बसले की बघत राहावं. एकही रंग दोनदा नाही, प्रयोगशाळेला पुरेसा वेळ, कुणा शिक्षकावर जादा भार नाही. शाळा समितीच्या बैठकीत मी तो तक्ता भिंतीवरून काढून नेऊन दाखवला. सगळ्यांनी वाखाणला. ठराव मंजूर.

तक्त्यावर एसटी नव्हती.

तीन वाड्यांच्या मुली एसटीने येत. वाड्यांना मुक्कामी गाडी नव्हती. पहिली गाडी शाळेपाशी यायची साडेनऊला. मुलगे सायकल मारत, नाहीतर चालत आले. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला अंधारात मुलींना ओढ्याच्या वाटेने कोण पाठवणार? दोन वर्षांत सहा मुलींची नावं पटावरून कमी झाली.

तुम्ही म्हणाल, बाई, दोन वर्षं लागली कळायला? रोज हजेरी घेत होतात ना? घेत होतो. आणि तिथेच फसगत झाली. मुलगी येत नाही तोवर तिची गैरहजेरी लागते. फार दिवस आली नाही की नाव कमी होतं. ४० पैकी ३४ हजर म्हणजे ८५ टक्के. सहा नावं कापली की ३४ पैकी ३४, म्हणजे १०० टक्के! वर्षअखेरीस माझ्या हजेरीपटाने मला सांगितलं की सकाळची पाळी उत्तम चालली आहे, हजेरी सुधारली आहे. मी तो आकडा अहवालात लिहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली.

माझा काटा ८० वर अडकला होता.

कळलं ते बाजारात. तिसऱ्या वर्षी त्यातली एक भाजीच्या पाटीमागे बसलेली दिसली. कविता सुरेख म्हणायची ती. मी विचारलं, अगं, शाळा का सोडलीस? ती म्हणाली, "बाई, तुमची शाळा सकाळची झाली आणि माझी सुटली." तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. पेपरातली बातमी सांगावी तसं सांगितलं, आणि मला मेथीची जुडी जास्तीची दिली.

त्या जूनमध्ये पाळ्या बदलल्या. मोठे वर्ग दुपारी घेतले, लहान वर्ग सकाळी, कारण पाचवी ते सातवीची बहुतेक मुलं गावातलीच होती. प्रयोगशाळेची ओढाताण झाली, निळा तुकडा पुन्हा दोन ठिकाणी येऊ लागला, गणिताच्या सरांनी कुरकुर केली. करू दे म्हटलं. तक्त्याच्या शेजारी मी एसटीचं वेळापत्रक टांगलं. आणि एक वही केली. पटावरून कमी झालेलं प्रत्येक नाव त्या वहीत चढायचं, कारणासकट, आणि वर्गशिक्षकाने महिन्याच्या आत त्या घरी जाऊन यायचं. पुढे गळती बरीच कमी झाली. पण त्या सहाजणी परत आल्या नाहीत.

हे सगळं नातवाला सांगितलं. तो गप्प झाला. मग मी विचारलं, "तुमच्या जुळ्याला खबर कुठून येते?"

"केसपेपर काढला की नोंद होते."

"आणि रांग बघून जो केसपेपर न काढताच घरी जातो, त्याची?"

तो माझ्याकडे बघत राहिला. खिडक्या चाराच्या दोन केल्या, रांग वाढली, गोरगरीब बाया रोजगार बुडतो म्हणून परत गेल्या, तर काही दिवसांनी रांग आपोआप लहान होणार. जुळं सांगणार, निर्णय योग्य होता. ते खोटं बोलत नसणार. त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं ते सांगणार. जे आत येऊच शकले नाहीत ते त्याच्या लेखी जन्मालाच आलेले नाहीत.

मला या जुळ्याचं वावडं नाही, उलट कौतुक आहे. रेबरच्या खाडीला त्याच्या आजोबांनी वाचवलं, अपोलोच्या तिघांना काकांनी. निर्णय घेणाऱ्याने आधी नकलेत आपटून घ्यावं, यात शहाणपणच आहे. मुख्याध्यापक, सरपंच, कलेक्टर, कंपनीचा साहेब, सगळ्यांना असं जुळं मिळो. फक्त त्याच्या शेजारी एक वही असावी. निघून गेलेल्यांची. आणि ती वाचून, उठून त्यांच्या घरी जाऊन येणारं माणूस असावं.

परवा नातवाचा फोन आला. म्हणाला, "आजी, मी दोन दिवस हॉस्पिटलच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर बसलो. परत जाणारी माणसं मोजली." किती निघाली ते त्याने मला सांगितलं नाही, कंपनीची गोष्ट आहे म्हणाला. पण खिडक्यांचा निर्णय पुढे ढकलला आहे, एवढं मात्र सांगितलं.

असो. फारच लांबलं आजचं. तुमच्यापैकी कुणी शाळेत, बँकेत, कचेरीत निर्णय घेतले असतील. तक्त्यावर बसलेला पण गावात न बसलेला एखादा तुमच्याही पदरी असेल, तर जरूर कळवा. आपली चूक सांगायला जड जातं खरं. मला पस्तीस वर्षं लागली.